ॲटलांटिकखालचा बोगदा

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहर आणि पैलतीरावरील जर्सी सिटी यांच्यामधून हडसन नदी वाहते. या नदीच्या पात्राखालून मोटारींसाठी खोदलेला पहिला बोगदा नोव्हेंबर १९२७ मध्ये रहदारीस खुला झाला. त्याची लांबी अडीच किलोमीटरहून थोडी अधिक आहे. एवढ्या लांब भुयारात मोटारींचा विषारी धूर कोंडला तर माणसे गुदमरतील, ही त्या काळची मोठी चिंता होती. ८४ अजस्र पंखे बसवून ती दूर करण्यात आली. ज्यांनी ही योजना आखली ते मुख्य अभियंता क्लिफर्ड हॉलंड काम पुरे होण्यापूर्वीच, १९२४ साली निवर्तले. त्यांचेच नाव बोगद्याला देण्यात आले. न्यूयॉर्क राज्याचे तत्कालीन गव्हर्नर अल स्मिथ यांचे या बोगद्यापाशी घेतलेले छायाचित्र त्या वेळी प्रसिद्ध झाले. राज्यप्रमुखाने सार्वजनिक बांधकामापुढे उभे राहून छायाचित्र काढून घ्यावे, यात नवल ते काय?

परंतु पुढच्याच वर्षी स्मिथ राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीस उभे राहिले आणि हे छायाचित्र निराळ्याच मजकुरासह देशाच्या अंतर्भागात फिरू लागले. हा बोगदा ॲटलांटिक महासागराखालून थेट रोमपर्यंत नेण्यात येणार आहे, स्मिथ निवडून आले की पोपमहोदय या मार्गाने गुप्तपणे अमेरिकेत येऊन वॉशिंग्टनहून राज्य करतील, असा तो मजकूर होता. कारण एकच. अल स्मिथ कॅथॉलिक होते. अमेरिकेतील एका प्रमुख पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी कॅथॉलिक उमेदवार उभा करण्याची ती पहिलीच वेळ होती.

आज हे वाचताना हसू येते. तथापि या प्रकाराकडे जरा बारकाईने पाहावे, अशी वाचकांना आमची विनंती आहे. छायाचित्र खरे होते, बोगदा खरा होता, त्यातला माणूसही खरा होता. खोटी होती ती केवळ खालची ओळ. ज्या शेतकऱ्याने न्यूयॉर्क कधी पाहिले नाही, त्याला आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या चित्रावर अविश्वास दाखविण्याचे कारण नव्हते; आणि चित्रावर बसलेला विश्वास पाठोपाठ त्या ओळीवरही बसला. यातील उपरोध असा की, १८७० मध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतल्यापासून १९२८ पर्यंत एकाही पोपने व्हॅटिकनच्या आवाराबाहेर पाऊल टाकलेले नव्हते. इटलीशी लॅटरन करार झाला तो १९२९ च्या फेब्रुवारीत. जे अकरावे पायस रोमच्या रस्त्यावर येत नव्हते, ते समुद्राखालून वॉशिंग्टनला येणार होते!

अल स्मिथ यांचा जन्म १८७३ सालचा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीतला. वडील लवकर वारले, शाळा चौदाव्या वर्षी सुटली आणि घर चालविण्यासाठी या मुलाने फुल्टनच्या मासळी बाजारात नोकरी धरली. पहाटेच्या लिलावाचा गलबला आणि ओल्या टोपल्यांचा वास आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना निराळा सांगायला नको. सेंट जेम्सच्या चर्चमध्ये वेदीसेवक म्हणून वावरलेला हा मुलगा पुढे विधिमंडळात गेला आणि चार वेळा न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला. कारखान्यांतील कामगारांची सुरक्षितता, स्त्रिया व मुले यांच्या कामाचे तास, स्वस्त घरे हे त्यांचे विषय होते. त्यांच्या निकटच्या सल्लागारांत प्रॉटेस्टंट होते, ज्यू होते. एवढे सारे लोकांसमोर असताना त्यांना प्रश्न विचारला गेला तो बोगद्याचा.

अशा कुजबुजीला अमेरिकेत जुनी परंपरा होती. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला या परंपरेतील दोन प्रकरणे आम्ही ऐकली होती. पुढे मिळेल ते वाचताना त्यांचे तपशील उमगत गेले. बॉस्टनजवळच्या चार्ल्सटाउन येथे उर्सुलाइन धर्मभगिनींचा मठ व मुलींची शाळा होती. शाळेतील बहुसंख्य मुली प्रॉटेस्टंट घरांतल्या. १८३४ च्या उन्हाळ्यात अशी आवई उठली की, एका धर्मभगिनीला मठात डांबून ठेवले आहे. वस्तुतः ती भगिनी प्रकृतीच्या ताणामुळे एकदा मठ सोडून गेली होती व स्वेच्छेने परतली होती. गावच्या पंचांनी ११ ऑगस्ट रोजी मठाची तपासणी केली. तिथे काहीही वावगे नाही, अशी त्यांची खात्री पटली आणि तसे निवेदन त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रासाठी तयार केले. त्याच रात्री जमावाने मठ जाळला. खुलासा सकाळी छापून आला, तेव्हा वाचणाऱ्यांना टेकडीवर धूर दिसत होता.

दुसरे प्रकरण मारिया मंक हिच्या पुस्तकाचे. माँट्रियल येथील मठातून आपण पळून आलो असे सांगून तिने १८३६ मध्ये जी ‘हकिगत’ प्रसिद्ध केली, तिच्यात धर्मगुरूंच्या निवासापासून मठापर्यंत जाणारे एक भुयार होते. (या मंडळींना भुयारांचे एवढे आकर्षण का असावे, हे एक कोडेच आहे.) विल्यम स्टोन नावाचे न्यूयॉर्कचे प्रॉटेस्टंट संपादक तिचे पुस्तक हाती घेऊन माँट्रियलला गेले आणि खोली न् खोली ताडून पाहू लागले. पुस्तकातील वर्णन त्या इमारतीला कुठेच जुळेना. मारिया मंक तिथे कधीही धर्मभगिनी नव्हती, असा निर्वाळा त्यांनी दिला. स्टोन हे कॅथॉलिकांचे कैवारी नव्हते, म्हणून त्यांच्या साक्षीला अधिक वजन यायला हवे होते. तसे घडले नाही. पुस्तकाच्या प्रती लाखोंनी खपल्या आणि स्टोन यांचा अहवाल आज अभ्यासकांपुरता उरला आहे.

आता १९२८ च्या प्रचारातील सर्वांत विषारी कागदाकडे वळू. ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ही अमेरिकेतील कॅथॉलिक प्रापंचिकांची मोठी संघटना. विधवा व अनाथ यांना आधार देण्यासाठी १८८२ मध्ये स्थापन झालेली. तिचे सभासद गुप्तपणे एक शपथ घेतात आणि तीत प्रॉटेस्टंटांचा निःपात करण्याची प्रतिज्ञा असते, असे सांगणारे एक पत्रक १९१२ च्या सुमारास पसरले. शपथेचे शब्द इतके अमानुष होते की ते येथे देववत नाहीत. ती शपथ बनावट होती. जेझुइटांच्या नावावर पूर्वी खपविलेल्या तशाच एका बनावट शपथेवरून ती बेतलेली होती.

पेनसिल्व्हेनियातील युजीन बॉनिवेल नावाच्या उमेदवाराविरुद्ध १९१२ मध्ये हे पत्रक वापरले गेले. पराभूत झाल्यावर त्यांनी अमेरिकन काँग्रेसकडे दाद मागितली आणि आपली बदनामी कशी झाली याचा पुरावा म्हणून पत्रकाची प्रत जोडली. फेब्रुवारी १९१३ मध्ये काँग्रेसच्या कामकाजाच्या अधिकृत वृत्तान्तात ती प्रत, खोटेपणाचा नमुना म्हणून, छापली गेली. पुढे काय झाले असेल? त्यानंतरच्या पत्रकांवर ‘ही शपथ काँग्रेसच्या अधिकृत वृत्तान्तात छापलेली आहे, पाहा’ असे अभिमानाने लिहिले जाऊ लागले! ते वाक्य अक्षरशः खरे होते. चोरीच्या खटल्यात सादर झालेली वस्तू न्यायालयात ठेवलेली होती म्हणून चोराच्याच मालकीची ठरावी, तसला हा प्रकार.

संघटनेने मग एक धाडसी पाऊल उचलले. कॅलिफोर्नियातील फ्रीमेसन मंडळाच्या काही वरिष्ठ सभासदांसमोर १९१४ मध्ये तिने आपले सारे विधी व प्रतिज्ञा उघड केल्या. फ्रीमेसन आणि कॅथॉलिक ख्रिस्तसभा यांच्यात त्या काळी विस्तव जात नव्हता. तरीही त्या गृहस्थांनी तपासून लेखी कळविले की, प्रचलित शपथ निव्वळ खोटी व बदनामीकारक आहे. विरोधकाच्या बाजूने खरे बोलण्यास जे बळ लागते ते या मंडळींपाशी होते, आणि त्याबद्दल आम्हांला त्यांच्याविषयी आदर वाटतो. पण १९२८ मध्ये स्मिथ उभे राहताच शपथ पुन्हा छापली गेली. १९६० मध्ये जॉन केनेडी उभे राहिले, तेव्हाही कोणीतरी ती बासनातून बाहेर काढलीच.

याचा अर्थ स्मिथ यांना विरोध करणारा प्रत्येक जण अपप्रचारक होता, असा मात्र नव्हे. येथे आमच्या वाचकांनी थोडा धीर धरावा. चार्ल्स मार्शल नावाच्या न्यूयॉर्कच्या वकिलांनी एप्रिल १९२७ मध्ये ‘ॲटलांटिक मंथली’ मासिकात स्मिथ यांना उद्देशून खुले पत्र लिहिले. पोपमहोदयांची विश्वपत्रे उद्धृत करून त्यांनी विचारले की, ख्रिस्तसभेची आज्ञा आणि अमेरिकेची राज्यघटना यांत विरोध आला तर कॅथॉलिक राष्ट्राध्यक्ष कोणाचे ऐकणार? हा प्रश्न सभ्य भाषेत, स्वतःच्या नावाने, आधार देऊन विचारलेला होता. सार्वजनिक जीवनातील माणसाला असा प्रश्न विचारण्याचा नागरिकाला अधिकार आहे. स्मिथ प्रथम गोंधळले. विश्वपत्र म्हणजे काय, असे त्यांनी आपल्या सहकाऱ्यांनाच विचारले अशी आख्यायिका आहे. आमच्या धर्मग्रामांतील पुष्कळ निष्ठावंतांची स्थिती याहून वेगळी नसावी! मग न्यायाधीश जोसेफ प्रोस्कॉअर या ज्यू मित्राच्या आणि पहिल्या महायुद्धात पलटणीचे धर्मगुरू म्हणून नावाजलेल्या फादर फ्रान्सिस डफी यांच्या साहाय्याने त्यांनी मे महिन्याच्या अंकात उत्तर दिले. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, सर्व धर्मांना कायद्यापुढे समान स्थान आणि धर्मसंस्था व शासनसंस्था यांची फारकत या गोष्टी आपण मानतो, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. मार्शल यांचे पत्र आणि बोगद्याचे छायाचित्र यांना एकाच तागडीत टाकणे अन्यायाचे होईल. आपल्यावर होणारी प्रत्येक टीका हा अपप्रचार आहे, असे समजणाऱ्या समाजाला खरा अपप्रचार ओळखता येत नाही.

दारूबंदीचा प्रश्नही असाच. १९२० पासून अमेरिकेत घटनेनेच दारूबंदी लागू होती आणि स्मिथ तिच्या विरोधात होते. ज्यांनी दारूपायी घरे उद्ध्वस्त झालेली पाहिली होती, अशा अनेक सरळ माणसांनी केवळ या कारणास्तव त्यांना मत नाकारले. ते त्यांचे प्रामाणिक मत होते. परंतु या मुद्द्याच्या आडोशाने ‘स्मिथ सभांतून नशेत असतात’ अशी कंडी पिकली, त्यांच्या पत्नीच्या साधेपणाची टिंगल झाली, आणि न्यूयॉर्कच्या जॉन रोच स्ट्रॅटन यांच्यासारख्या उपदेशकांनी व्यासपीठावरून आगपाखड केली. सरकारी पदावर असलेल्या मेबल विलेब्रँड या बाईंनी सप्टेंबर १९२८ मध्ये ओहायोतील मेथडिस्ट धर्मोपदेशकांना आपल्या मंडळींची मते स्मिथविरुद्ध वळविण्याचे आवाहन केले. प्रतिस्पर्धी हर्बर्ट हूव्हर यांनी उमेदवारी स्वीकारताना धार्मिक सहिष्णुतेची ग्वाही दिली होती, हे नमूद केले पाहिजे. त्यांच्या बाजूने जे चालले होते त्याला त्यांनी याहून अधिक ठामपणे आवर घालायला हवा होता, असे आमचे मत आहे.

सप्टेंबर १९२८ मध्ये स्मिथ यांची गाडी ओक्लाहोमाकडे निघाली असता रुळांच्या कडेला कू क्लक्स क्लॅनने पेटविलेले क्रूस दिसत होते. २० तारखेच्या सभेत स्मिथ यांनी हा विषय उघडपणे मांडला. आपण कॅथॉलिक आहोत म्हणून कोणी मत नाकारू नये हे तर ते बोललेच. पण आपण कॅथॉलिक आहोत एवढ्याच कारणासाठी कोणा कॅथॉलिकाने मत देऊ नये, असेही त्यांनी बजावले. हा दुसरा भाग आपल्याकडे सहसा सांगितला जात नाही.

निवडणूक ६ नोव्हेंबरला झाली. हूव्हर यांना निर्वाचक मंडळाची ४४४ मते पडली, स्मिथ यांना ८७. स्वतःच्या न्यूयॉर्क राज्यातही स्मिथ हरले. टेक्सास, व्हर्जिनिया, फ्लोरिडा ही त्यांच्या पक्षाची दक्षिणेतील हक्काची राज्ये निसटली. मग खोट्या प्रचाराने त्यांचा पराभव केला, असे म्हणावे काय? रिचर्ड हॉफस्टॅटर यांच्यासारख्या इतिहासकाराने दाखविले की, देशात सुबत्ता असताना सत्ताधारी पक्षाला हरविणे त्या वर्षी कोणालाच शक्य नव्हते. उलटपक्षी ॲलन लिक्टमन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मतदारांना विभागणारा सर्वांत प्रभावी घटक धर्म हाच होता, असा निष्कर्ष काढला. या दोहोंत विसंगती नाही. निकाल अपप्रचाराने बदलला नसेल. शेजारी मात्र बदलले. १९२४ मध्ये याच पक्षाच्या उमेदवाराला सुमारे ८४ लाख मते होती, स्मिथ यांना दीड कोटी मिळाली, हेही विसरता कामा नये. शहरांतील आयरिश, इटालियन, पोलिश कामगार मोठ्या संख्येने मतदानाला बाहेर पडले ते या मासळी बाजारातल्या मुलासाठी.

आमचा समाज नेहमीच असत्याचा बळी ठरला, अशी समजूत येथवर वाचून कोणाची झाली असेल, तर त्यांच्यासाठी पॅरिसची एक कथा सांगणे भाग आहे. लिओ ताक्सिल नावाच्या धर्मद्वेष्ट्या लेखकाने १८८५ मध्ये आपले मतपरिवर्तन झाल्याचे जाहीर केले आणि तो फ्रीमेसनांच्या सैतानपूजेच्या चित्तथरारक कथा लिहू लागला. डायना वॉन नावाची एक सैतानाच्या तावडीतून सुटलेली स्त्री त्याने उभी केली. कॅथॉलिक नियतकालिकांनी त्या कथा आवडीने छापल्या, भाविकांनी डायनासाठी प्रार्थना केल्या. खुद्द तेराव्या लिओंनी ताक्सिलला १८८७ मध्ये भेट दिली. १९ एप्रिल १८९७ रोजी त्याने भरसभेत सांगून टाकले की, हे सारे आपण रचले होते. बारा वर्षे सुशिक्षित कॅथॉलिक मंडळी फसली, कारण ती गोष्ट त्यांना हवी तशी होती. प्रॉटेस्टंट शेतकऱ्याला बोगदा जसा खरा वाटला, तशीच आपल्याला डायना खरी वाटली. आणि ज्या फ्रीमेसनांविषयी आपण हे मानले, त्यांच्यापैकीच काहींनी सतरा वर्षांनी नाइट्सची अब्रू राखली.

साधने बदलली, रीत तीच राहिली. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीत, पोप फ्रान्सिस यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा दिला, अशी बातमी फेसबुकवर फिरली. बातम्यांचे सोंग घेतलेल्या एका संकेतस्थळाने ती रचली होती. मतदानापूर्वीच्या तीन महिन्यांत तिला साडेनऊ लाखांहून अधिक प्रतिसाद मिळाल्याचे एका वृत्तसंस्थेच्या पाहणीत आढळले. त्या काळातील कोणत्याही खोट्या बातमीपेक्षा ही संख्या मोठी होती. पोपमहोदयांनी तर ऑक्टोबरमध्ये विमानातील पत्रकारांना सांगितले होते की, निवडणुकीच्या प्रचारावर आपण कधीही भाष्य करीत नाही. १९२८ मध्ये पोपच्या नावाने मते पळविली गेली, २०१६ मध्ये त्याच नावाने ती मागितली गेली. मार्च २०२३ मध्ये पांढरे शुभ्र फुगीर जाकीट घातलेल्या पोप फ्रान्सिस यांचे छायाचित्र जगभर पाहिले गेले, ते तर संगणकाने निर्माण केलेले होते. स्मिथ यांच्या छायाचित्राखाली खोटी ओळ लिहावी लागली. आता छायाचित्रच खोटे मिळते.

आपल्या देशाच्या कायद्याने छापील पत्रकांपुरती एक चांगली तजवीज केलेली आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७-क नुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते छापणे बंधनकारक आहे. इतकेच नव्हे, तर प्रकाशकाने आपल्या ओळखीबाबत सही केलेले आणि त्याला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींनी साक्षांकित केलेले प्रतिज्ञापन मुद्रकाला द्यावे लागते. कायदा मजकूर खरा की खोटा हे आधी विचारीत नाही, तो विचारतो की हे कोण बोलत आहे. मार्शल या कसोटीला उतरले असते. शपथेचे पत्रक उतरले नसते. व्हॉट्सॲपवर २०१८ पासून पुढे पाठविलेल्या निरोपावर तशी खूण दिसते आणि आपल्या देशात एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे तो पाठविता येत नाही. मुद्रकाचे नाव मात्र तिथे नसते. ज्या भाच्याने किंवा शेजारणीने तो पाठविला, तिचेच नाव वर झळकते आणि आपण तिच्यावरच्या विश्वासाने तो वाचतो.

२०२४ च्या निवडणुकांच्या काळात आमच्या धर्मग्रामातील एका आजींनी असाच एक निरोप वाचून आम्हांला दूरध्वनी केला. बिशपांच्या नावाचे पत्र होते, एका पक्षाला मत देण्याचा आदेश त्यात होता. पत्रावर ना तारीख, ना क्रमांक, ना सही. “फादर, हे बिशपांचं आहे का हो?” असे त्यांनी विचारले. बिशपांचे पत्र रविवारी मिस्साच्या वेळी वेदीवरून वाचले जाते, तिथे ऐकले नसेल तर ते त्यांचे नव्हे, असे आम्ही सांगितले. आजी क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “तर मग मी ज्या तिघींना पाठवलं, त्यांना आत्ताच फोन करते. दुपारी त्या झोपतात.”